काजळीच्या कागदावरचा सुरुंग

माझी पहिली नोकरी डिचोली तालुक्यातली, लाटंबार्सेच्या पुढच्या एका गावातल्या हायस्कुलात. मी पेडण्याची, कोरगावची. तिथून रोज ये-जा करणं तेव्हाच्या बसगाड्यांच्या भरवशावर शक्यच नव्हतं, म्हणून शाळेजवळ एका बाईंच्या घरात खोली घेतली. त्यांचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि मुलगा आखातात होता. मी त्यांना मावशी म्हणायचे. त्या माझं भाडं विसरायच्या, पण मी जेवले की नाही हे कधी विसरायच्या नाहीत.

गावाच्या बाहेर, डोंगराच्या कुशीत काळ्या दगडाची खाण होती. गोव्यात तेव्हा रस्ते आणि पूल झपाट्याने होत होते, खडी कितीही निघाली तरी कमीच पडायची. दुपारची जेवणं आटोपून गाव जरा आडवं झालं की खाणीवरचा भोंगा वाजायचा आणि मग सुरुंग उडायचे. फळीवरची भांडी थरथरायची, जनेलाची, म्हणजे खिडकीची, काच किणकिणायची. मावशींच्या दर्शनी भिंतीला छतापासून खाली एक तडा गेला होता. असे तडे आणखीही काही घरांना होते. गाव म्हणायचं, खाणवाले हवी तेवढी दारू भरतात. खाणवाले म्हणायचे, आम्ही नेमून दिली आहे तेवढीच भरतो, तुमच्या भिंती मुळातच कच्च्या. पंचायतीत या विषयावर दर बैठकीला तेच बोलणं व्हायचं आणि तसंच सोडून दिलं जायचं.

खाणीचा मालक म्हापशाला असायचा. इथलं सगळं एक फोरमन बघायचा. तो बेळगाव जिल्ह्यातला, चाळिशीचा, उन्हाने रापलेला. त्याची माणसंही तिकडचीच होती, खाणीशेजारच्या झोपड्यांत राहायची. बाजारहाटाला गावात आली की लोक त्यांच्याशी कामापुरतंच बोलायचे.

त्या वर्षी बोलण्याचीच पंचाईत होती. कोंकणी की मराठी हा प्रश्न घराघरात शिरला होता. रस्त्यांवर झाडं आडवी पडायची, बसगाड्यांवर दगड यायचे, शाळा मधेच बंद व्हायच्या. आमच्या शाळेत गणित शिकवणारे एक सर होते, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठे. ते कोंकणीच्या बाजूचे, मी मराठीच्या. शाळेतलं सगळं शिक्षण मराठीतून झालेली, वडिलांच्या भजनांच्या वह्यांवर वाढलेली मी. माझ्या दृष्टीने यात चर्चेचं काही नव्हतंच. एकदा शिक्षकांच्या खोलीत चहा घेताना आमचं जोरदार वाजलं. माझं सगळं बोलून झाल्यावर सर शांतपणे म्हणाले, "टीचर, हें भांडण तुमी खंयचे भाशेंत करतात?"

तोवर आम्ही दोघंही कोंकणीतूनच भांडत होतो. बाकीचे हसले. मी म्हटलं, "भांडायला कोंकणी पुरते, सर. लिहायला मराठी लागते." मग मात्र कुणी हसलं नाही. त्या दिवसापासून आम्ही एकमेकांशी बोलणं बंद केलं. वर्गावर जाता-येता समोरासमोर आलो तर दोघंही खडूकडे बघायचो.

डिसेंबरात मुख्याध्यापकांनी मला बोलावून घेतलं. तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन डिचोलीत भरणार होतं. शांतता वर्ष चालू होतं म्हणून विषय दिला होता 'विज्ञान आणि शांतता'. ते म्हणाले, "कबुतरं आणि पृथ्वीचा गोल नको. ते सगळ्याच शाळा करणार. काहीतरी चालणारं करा."

मी शनिवारी डिचोलीच्या वाचनालयात गेले आणि जुनी वर्तमानपत्रं, मासिकं चाळत बसले. अण्वस्त्रांवर पुष्कळ छापून येत होतं. दोन मोठ्या देशांच्या नेत्यांची भेट होऊन गेली होती आणि ती फिसकटली अशा बातम्या होत्या. कुणाकडे किती क्षेपणास्त्रं, कुठे रोखलेली, असे तक्ते होते. ते वाचून जीव दडपायचा, पण त्यातून मुलांना दाखवण्यासारखं काही हाती लागत नव्हतं. मग एका मासिकात एक छोटा लेख सापडला. जमिनीखाली होणाऱ्या अणुचाचण्या थांबवायचं बोलणं वर्षानुवर्षं का अडलं आहे, हे त्यात सांगितलं होतं. कारण अगदी साधं होतं. समोरच्याने गुपचूप लहानसा स्फोट केला तर तो कळणार कसा? तो भूकंप म्हणून खपवेल. त्यामुळे कुणीच कुणावर विश्वास ठेवत नव्हतं. पण त्या उन्हाळ्यात अमेरिकेतले काही शास्त्रज्ञ थेट रशियात गेले होते आणि अणुचाचण्या होतात त्या माळरानाजवळ त्यांनी जमिनीचे हादरे टिपणारी आपली यंत्रं बसवली होती. रशियाने ती बसवू दिली होती.

मी तो लेख दोनदा वाचला. बसमध्ये परत येताना माझ्या डोक्यात तो परदेश नव्हता, मावशींची फळीवरची भांडी होती.

यंत्र करायचं म्हणजे लोखंडी चौकट, बिजागरी, तोल, घड्याळाची चक्रं. हातात तेवढं कसब असलेला माणूस शाळेत एकच होता, आणि माझं त्याच्याशी बोलणं बंद होतं. मुख्याध्यापकांना ते ठाऊक होतं. त्यांनी आम्हा दोघांना समोर बसवलं, मला लेखाबद्दल सांगायला लावलं आणि सरांना म्हणाले, "होईल?"

सरांनी टेबलावर बोटाने एक चौकट आखून पाहिली. मग मला म्हणाले, "वजन कितलें जाय?"

किती वजन हवं, हा आमच्यातला कित्येक आठवड्यांतला पहिला शब्द. मी म्हटलं, "जितकं जड तितकं बरं."

रेशन दुकानातून वीस किलोचं वजन मागून आणलं. अंगणाचं फाटक जसं एका बाजूने बिजागरीवर फिरतं, तसं ते वजन एका आडव्या दांडीला लावून सरांनी चौकटीत टांगलं. जमीन हलली की चौकट हलते, पण जड वजन जागचं हलायला वेळ घेतं. या दोहोंतला फरक एक सुई लिहून दाखवणार होती. तिच्यासाठी दुधाच्या पावडरीचा रिकामा डबा आडवा बसवला, त्याला कागद गुंडाळला आणि रॉकेलच्या दिव्याच्या धुरावर धरून कागद काळाकुट्ट केला. गजराच्या घड्याळाने डबा हळूहळू फिरायचा आणि सुई काजळीत पांढरी रेघ ओढायची.

पहिल्या दिवशी आमच्या यंत्राने जगातली कुठलीही अणुचाचणी टिपली नाही. मधल्या सुट्टीत धावणारी मुलं टिपली, कुंपणाला अंग घासणारी म्हैस टिपली आणि लाटंबार्सेहून येणारी दुपारची बस टिपली. पण दुपारी भोंगा वाजला, आम्ही दोघं श्वास रोखून बसलो, आणि सुई एकदम उसळली. एक झटका, मग काही लहान थरथर, मग सरळ रेघ. सर ती रेघ बघत म्हणाले, "ही बसची नव्हे."

खरंच नव्हती. बसची रेघ हळूहळू फुगायची आणि हळूहळू उतरायची. सुरुंगाची एका क्षणात सुरू व्हायची. पुढच्या काही दिवसांत आम्ही कागद पाहून सांगू लागलो, ही गाडी, हा सुरुंग, ही मुलं. कागदावर कुठल्या भाषेत लिहायचं हा प्रश्न निघाला तेव्हा मी जरा सावध झाले. सर म्हणाले, "काळजी करू नका. सुरुंग दोन्ही भाषांत सुरुंगच."

प्रदर्शनात आमच्या टेबलाशी गर्दी झाली, कारण मुलांना उड्या मारून सुई हलवायला आवडत होतं. एका परीक्षकांनी विचारलं, "याचा शांततेशी काय संबंध?" मी म्हटलं, "एखाद्याने शब्द मोडला तर तो कळण्याची सोय असली, तर समोरचा शब्द द्यायला तयार होतो." ते हं म्हणाले आणि पुढे गेले. आम्हाला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. पहिलं बक्षीस कबुतरांना गेलं.

ती गोष्ट तिथेच संपली असती. पण यंत्र टेम्पोतून परत आलं तेव्हा मावशी अंगणात उभ्या होत्या. म्हणाल्या, "बाये, तें यंत्र हांगा दवर. म्हजी वणत कित्याक फुटता तें कळूंदी."

वणत म्हणजे भिंत; ती का फुटते ते त्यांना कळायला हवं होतं. यंत्र त्यांच्या पडवीत बसवलं. दोन-चार दिवसांत गावभर झालं की टीचरच्या यंत्रावर खाणीचे सुरुंग कागदावर उतरतात. पंचायतीचे लोक आले, कागद बघून खूश झाले. आता पुरावा मिळाला, म्हणाले. काळे कागद घेऊन ते खाणीवर गेले आणि तसेच परत आले. पाठोपाठ फोरमन स्वतः मावशींच्या दारात आला. चप्पल बाहेर काढून पडवीच्या पायरीवर बसला.

"बाई, राग मानू नका," तो मला म्हणाला. "पण घर तुमचं, यंत्र तुमचं, कागद वाचणार तुम्हीच. मग आम्ही काय नुसती मान डोलवायची? उद्या हितं कुणी पाय आपटला, तरी खाणीच्याच नावावर जाणार की."

गावातले दोघे-तिघे आवाज चढवून बोलू लागले. मला मात्र त्याचं बोलणं ओळखीचं वाटत होतं. मासिकातल्या त्या लेखात दोन्ही देश एकमेकांना हेच म्हणत होते. मी त्याला त्या देशांची गोष्ट सांगितली. त्याने मधे न बोलता ऐकून घेतली.

"आन् मग काय केलं त्यांनी?" त्याने विचारलं.

"एकाची माणसं दुसऱ्याच्या जमिनीवर यंत्रं घेऊन गेली."

"जाऊ दिलं?"

"दिलं."

तो वळून यंत्राकडे बघू लागला. बोलले ते सर. ते कडेला घड्याळाला चावी देत बसले होते. "दुसरं यंत्र करूया," ते म्हणाले. "एक इथे, एक खाणीवर. सुरुंगाच्या वेळी त्यांचा माणूस इथे बसेल, आमचा तिथे. कागद दोघांनी मिळून काढायचा."

"खाणीवर कोण बसणार?" कुणीतरी विचारलं. पुरुष एकमेकांकडे बघू लागले. सुरुंगाजवळ जाऊन बसायची कुणाची तयारी नव्हती.

"हांव बसतां," मावशी म्हणाल्या. "म्हाका भंय ना."

फोरमनने वर पाहिलं. त्याला हसू आलं, पण ते त्याने आवरलं. "या की आक्का," तो म्हणाला. "लांब, शेडमध्ये बसायचं. मी जबाबदार."

दुसरं यंत्र आम्ही आठवड्याच्या आत उभं केलं. वजन यावेळी फोरमननेच दिलं, मोडक्या क्रशरचा एक तुकडा. पहिल्या दिवशी मावशी नऊवारी सावरत, छत्री घेऊन खाणीच्या शेडमध्ये जाऊन बसल्या. मी सोबत गेले. खालच्या खड्ड्यात दारू भरायची भोकं पाडलेली होती, त्यांना जोडणारी वायर वर आलेली होती. तिथल्या बायकांनी मावशींना बसायला कदेल, म्हणजे खुर्ची, दिली आणि काचेच्या पेल्यात चहा दिला. या बायका वर्षभर गावातून जात-येत होत्या, पण मावशी त्यांच्याशी पहिल्यांदाच बोलत होत्या. तू कुठली, मुलं किती, इथे पाणी कुठून आणता. पाणी ओढ्याचं, हे ऐकून मावशींनी तोंड वाकडं केलं आणि आपल्या विहिरीवर यायला सांगितलं. तेवढ्यात भोंगा झाला.

जवळून तो आवाज वेगळाच होता. आवाजाच्या आधी पायांना जमीन कळली. मावशींनी माझा हात घट्ट धरला, आणि धूळ खाली बसल्यावर सोडला. मग आम्ही सगळे यंत्राभोवती जमलो.

संध्याकाळी पडवीत दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. फोरमन, सर, मी, मावशी आणि मागे उभे राहिलेले शेजारी. खाणीवरची रेघ मोठी, घरातली लहान, पण दोन्हींचा आकार एकच. सुरुंग घरापर्यंत पोचतो हे फोरमनने मान्य केलं. मग सरांनी बोट ठेवलं ते दुसऱ्याच ठिकाणी. घरातल्या कागदावर दिवसभरात पुष्कळ फुगवटे होते, त्यांतले काही सुरुंगाएवढेच मोठे. खाणीवरच्या कागदावर ते नव्हते.

"हे ट्रक," सर म्हणाले. "भरलेले. इथे वळणावर."

रस्ता मावशींच्या भिंतीला जवळजवळ लागून वळत होता. मागे उभ्या शेजाऱ्यांतल्या एकाचा स्वतःचाच ट्रक होता आणि तो खाणीवरच चालायचा. गावाने सगळं पाप सुरुंगांवर घातलं होतं. कागद म्हणत होता की निम्मं चाकांचं आहे. कुणाला दोष देण्यापेक्षा हे बरं वाटलं की आता काय करायचं ते दिसत होतं. भरलेल्या गाड्या वरच्या कच्च्या रस्त्याने न्यायच्या, असं तिथेच ठरलं.

सुरुंगांची तोड निघाली ती एका चुकीतून. फेब्रुवारीत एकदा वायर मधेच सुटली. निम्मीच भोकं उडाली. फोरमनने सगळ्यांना लांब ठेवलं, बराच वेळ थांबून वायर पुन्हा जोडली आणि उरलेली उडवली. त्या दिवशी घरातल्या कागदावर एका मोठ्या झटक्याऐवजी दोन छोटे आले. आणि दगड मात्र रोजच्याएवढाच पडला होता. फोरमन कागद हातात धरून उभा राहिला. "एकदम उडवायची आमची सवय," तो म्हणाला. "तसं काय अडलेलं न्हाई." मालकाला त्याने काय सांगितलं मला ठाऊक नाही, पण त्यानंतर सुरुंग वेगवेगळ्या फेऱ्यांत उडू लागले. भोंगा जास्त वेळा वाजायचा. भांडी कमी वाजायची. मावशींनी तडा बुजवून घेतला, आणि तो बुजवायला खाणीवरचाच एक गवंडी आला.

त्याच सुमाराला पणजीत भाषेचा कायदा झाला. कोंकणी राजभाषा, मराठीलाही काही जागा. मराठीची ती जागा मला पुरेशी वाटली नाही, सरांना जास्त वाटली. पण त्या दिवशी आम्ही नेहमीसारखे काळा कागद बदलायला भेटलो. मी म्हटलं, "सर, अभिनंदन म्हणायचं का?" ते म्हणाले, "म्हणा, पण मराठीतून म्हणा. मला आवडतं तुमचं मराठी." मी मराठीतून अभिनंदन केलं आणि नवा कागद दिव्याच्या धुरावर धरला. मे महिन्यात गोवा राज्य झालं. शाळेच्या पटांगणात झेंडा लागला, आणि फोरमन आपल्या माणसांना घेऊन पेढे खायला आला.

वर्षाच्या शेवटी, डिसेंबरात, रेडिओवर मोठी बातमी आली. त्या दोन देशांनी करार केला होता. मध्यम पल्ल्याची क्षेपणास्त्रं दोघंही मोडून टाकणार, एक अख्खा प्रकारच नाहीसा करणार. आणि ती खरंच मोडली हे बघायला एकमेकांची माणसं एकमेकांच्या कारखान्यांच्या फाटकाशी जाऊन राहणार. मी मावशींना समजावून सांगितलं. चाचण्या अजून बंद झालेल्या नाहीत, बाकीची शस्त्रं तशीच आहेत, हेही सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. जरा विचार करून म्हणाल्या, "मागीर तांकां चा कोण दिता?"

त्या तपासनिसांना चहा कोण देतं, हे मला सांगता आलं नाही. पण प्रश्न मला अगदी बरोबर वाटला.

पुढच्या वर्षी माझी बदली पेडण्यात झाली, धारगळच्या शाळेत. निघताना सरांनी आमचं पहिलं यंत्र माझ्याबरोबर दिलं. धारगळात ते चालेना, कारण हमरस्त्यावरून दिवसभर गाड्या जायच्या आणि कागदावर दुसरं काही उरायचंच नाही. म्हणून ते मी कोरगावला घरी नेलं, काजूच्या बागेतल्या खोपीत, कातळावर बसवलं. तिथे एवढी शांतता होती की रेघ दोरीसारखी सरळ यायची. सुट्टीच्या दिवशी माझ्या वर्गातल्या काही मुली बघायला यायच्या.

एका रविवारी त्या आल्या तेव्हा कागदावर काहीतरी निराळंच होतं. गाडी नव्हती, सुरुंग नव्हता. अगदी बारीक, लांबच लांब लाटा, हळूहळू वाढत गेलेल्या आणि तितक्याच हळूहळू विरलेल्या. मला काही कळेना. सायंकाळी रेडिओने सांगितलं, दूर उत्तरेत, हिमालयाच्या पायथ्याशी मोठा भूकंप झाला होता. माणसं गेली होती. मुली पुन्हा कागदावर वाकल्या. आमच्या त्या खेळण्यासारख्या यंत्राने एवढ्या लांबचं दुःख कोरगावच्या कातळावर उतरवून घेतलं होतं.

मग एकीने विचारलं, "टीचर, म्हणजे तिकडे कुणी चोरून बाँब फोडला, तर तो आम्हाला इथे कळेल?"

"आपल्याला एकट्यांना नक्की नाही सांगता येणार," मी म्हटलं. "पण अशी चांगली यंत्रं जगभर बसवली आणि सगळ्यांनी आपापले कागद एकमेकांना दाखवले, तर कळेल."

पुढे बऱ्याच वर्षांनी तशी यंत्रं खरोखर जगभर बसली. अणुचाचण्यांवरच्या बंदीच्या ज्या करारासाठी ती बसली, तो अजून पुरता अमलात आलेला नाही. आपल्या देशाने त्यावर सही केलेली नाही, आणि मधल्या काळात वाळवंटात आपलेही स्फोट झाले. त्या दिवशी शाळेत पेढे वाटले तेव्हा माझ्या हातातला पेढा बराच वेळ तसाच राहिला होता. पण यंत्रं थांबलेली नाहीत. मोठमोठ्या सह्या अडलेल्या असतानाही निरनिराळ्या देशांतली माणसं रोज आपले कागद एकमेकांना पाठवतात, हे मी वाचते तेव्हा मला ते सहज पटतं. मी तशी माणसं पाहिली आहेत.

त्या मुलीने मात्र तेव्हा माझ्या उत्तरावर समाधान मानलं नाही. ती म्हणाली, "मग आमचा कागद कुणाला पाठवायचा?" भूकंप नोंदणाऱ्या वेधशाळेचा पत्ता शोधायला आम्ही दुसऱ्याच दिवशी म्हापशाच्या वाचनालयात गेलो.